नवे नाटक आणि पारावरची चर्चा



नाटक पाहून घरी परतणाऱ्या माणसांच्या मागून कधी चालला आहात काय? नाटक जत्रेतले असो, गणेशोत्सवातले असो, नाही तर शाळेच्या स्नेहसंमेलनातले. एखादे नाटक असे असते की लोक वाटेत हसतात, नटांच्या नकला करतात आणि घरी जाऊन निवांत झोपतात. दुसरे एखादे असे असते की परतताना कोणी फारसे बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी पारावर, पाणवठ्यावर, शाळेच्या कचेरीत हळूच विषय निघतो, "काय हो, काल दाखवलं ते खरं का?" मग कोणी म्हणतो, खरं आहे; कोणी म्हणतो, गावाची अब्रू घालवली. दोन तट पडतात. या दुसऱ्या जातीच्या नाटकांचा थोडा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

मराठी नाटकाचा आरंभ आपण विष्णुदास भाव्यांपासून मोजतो. १८४३ साली सांगलीला त्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले. पुढची कित्येक वर्षे रंगभूमीवर देव, दानव, ऋषी आणि राजे वावरत होते. कथा सगळ्यांना पाठ. रावण हरणार हे लहान पोरालाही ठाऊक. त्या नाटकांनी रंगभूमी उभी केली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्यावरून गावात वाद होण्याचे कारण नव्हते. वाद केव्हा होतो? रंगमंचावर आपला शेजारी दिसतो तेव्हा. आणि शेजारी म्हणता म्हणता तो आपणच निघतो तेव्हा.

असा शेजारी रंगमंचावर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न भाव्यांच्या नाटकानंतर बाराच वर्षांनी झाला. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. जोतीरावांचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस. नाटकात राजा नाही, राणी नाही. एक गरीब कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे, आणि दारात आलेला एक जोशी आहे. पोटातल्या बाळाला ग्रहांची पीडा आहे, अशी भीती जोशी बाईला घालतो आणि त्या भीतीच्या बळावर घरातले किडूकमिडूक खर्ची पाडतो. मधे मधे विदूषक येतो आणि प्रेक्षकाला कोपरखळी मारून विचारतो, बाबा रे, तुला दिसतंय ना काय चाललंय ते? पुढे एका पाद्र्याशी बोलणे होते, वादविवाद होतो, आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचे ठरवते. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट मनात धरावी. मराठीतल्या या अगदी आरंभीच्या सामाजिक नाटकाचा शेवट लग्नात नाही, युद्धात नाही. तो शाळेच्या दारात आहे. आणि ती शाळा कल्पनेतली नव्हती. त्याच सुमारास जोतीराव आणि सावित्रीबाई शेतकरी, कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी पुण्यात खरोखरीच रात्रशाळा चालवू लागले होते.

या नाटकाचे पुढे काय झाले? जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ही हकीकत जोतीरावांनी स्वतः १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवली आहे. नाटक दप्तरात पडून राहिले आणि छापून वाचकांच्या हाती आले ते १९७९ साली. म्हणजे सव्वाशे वर्षांनी! ज्या कुणब्यासाठी ते लिहिले, त्याची नातवंडे, पतवंडेसुद्धा तोवर पिकल्या केसांची झाली असतील. एखादे नाटक रंगमंचावर न येण्याने समाजाचे केवढे नुकसान होते, याचे याहून मोठे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. जी चर्चा १८५५ साली पारावर व्हायला हवी होती, ती झालीच नाही.

मात्र एक गैरसमज नको. नवे नाटक म्हणजे नेहमी सुधारणेच्या बाजूचेच, असे काही नसते. १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी ‘तरुणीशिक्षणनाटिका’ लिहिली, ती मुलींच्या नव्या शिक्षणाची खिल्ली उडवण्यासाठी. पुण्यात मुलींचे हायस्कूल नुकतेच निघाले होते. शिकलेली सून घरात कसा गोंधळ घालील, हे दाखवून लोकांना हसवणे आणि घाबरवणे सोपे होते. म्हणजे नाटक हे विस्तवासारखे आहे. चुलीत घातला तर भाकरी भाजतो, वळचणीला लागला तर घर जाळतो. त्यामुळे नाटकात दाखवले म्हणजे खरे, असे मानायचे नाही. नाटकात दाखवले म्हणून त्यावर बोलायचे, एवढेच.

आता येतो मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे. ते नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’. हे देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. योगायोग असा की त्यांचा जन्म १८५५ चा, ज्या वर्षी ‘तृतीय रत्न’ लिहिले गेले त्याच वर्षीचा. त्यांनी एकंदर सात नाटके लिहिली. त्यांतली सहा संस्कृत किंवा इंग्रजी नाटकांच्या आधाराने केलेली. स्वतंत्र असे एकच, ते ‘शारदा’. १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने ते रंगभूमीवर आणले.

त्याच्या आधीची दहाबारा वर्षे डोळ्यांपुढे आणा. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला. वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे केली, एवढेच. पण केवढे रण माजले! आगरकर म्हणत, कायदा हवा. टिळक म्हणत, आमच्या घरातली सुधारणा परक्या सरकारने करू नये. सभा गाजल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. शिकलेली माणसे हमरीतुमरीवर आली. पण ही सारी लढाई पुरुषांची, आणि तीही वाचणाऱ्या पुरुषांची. जिच्याविषयी हे चालले होते ती मुलगी माजघरात होती. तिचे म्हणणे कोणी विचारले नव्हते.

देवलांनी ती मुलगी माजघरातून काढून दिव्यांच्या उजेडात उभी केली. कांचनभट नावाचा बाप पैशाच्या लोभाने आपली चौदा वर्षांची शारदा भुजंगनाथ नावाच्या पंचाहत्तरीच्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. मधे भद्रेश्वर दीक्षित नावाचा लग्न जमवणारा मध्यस्थ आहे. मुलीची आई इंदिराकाकू रडते, भांडते; पण तिच्या शब्दाला किंमत नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायला धावतो. कथा एवढीच. पण शारदा आपल्या मैत्रिणींशी जे बोलते, आईपाशी जे गाऱ्हाणे घालते, ते ऐकून प्रेक्षकांतल्या बाया डोळ्यांना पदर लावत आणि बापे खाली मान घालून बसत. शारदेची पदे पाहता पाहता घराघरांत गेली. निबंध ज्या घरात पोचला नव्हता, तिथे पद पोचले. जात्यावर, झोपाळ्यावर पोचले. जरठ-कुमारी विवाह हा शब्दच मग लोकांच्या तोंडी बसला. एखाद्या म्हाताऱ्याने पुन्हा बाशिंग बांधायचे मनात आणले की त्याला ‘भुजंगनाथ’ म्हणू लागले. चारचौघांत नाव ठेवले जाण्याची भीती कधी कधी कायद्याहून अधिक काम करते.

पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले. १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. आपल्याकडे अनेकजण त्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि तो देवलांच्या नाटकावरून आला असे समजतात. वास्तविक तो अजमेरच्या हरविलास सारडा यांनी मांडला म्हणून ‘सारडा कायदा’. पण लोकांच्या मनाने सारडाचे शारदा केले, यातही एक अर्थ आहे. ज्या मुलीसाठी कायदा झाला, तिचा चेहरा मराठी माणसाने नाटकात पाहिला होता.

इथवर मी वर्गात दरवर्षी शिकवत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी असाच शिकवत असताना एक गोष्ट घडली. नाटकात भुजंगनाथाचे लग्न कसे मोडते, ते मी सांगत होतो. वधू आणि वर एकाच गोत्रातले आहेत, असे ऐन वेळी उघडकीला येते. सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही. म्हणून लग्न मोडते, आणि पुढे धर्मपीठाच्या संमतीने शारदा आणि कोदंड यांचे जमते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती कधी बोलत नसे. म्हणाली, "सर, गोत्र वेगळं असतं तर?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"म्हणजे गोत्र वेगळं असतं, तर त्या म्हाताऱ्याशी तिचं लग्न लागलंच असतं ना? मग ते वाईट नसतं का?"

वर्ग गप्प झाला. मीही गप्प झालो. बारा वर्षे हे नाटक शिकवत होतो, नोटा तयार होत्या. पण हा प्रश्न माझ्या नोटांत नव्हता. तास संपल्यावर ती दाराशी थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न दहावीच्या सुट्टीत झालं, सर. देवक, पत्रिका, सगळं जुळलं होतं."

श्रोतेहो, त्या दिवसापासून ‘शारदा’ मी निराळ्या डोळ्यांनी वाचतो. मला असे वाटते की देवलांना हा प्रश्न ठाऊक होता. पण १८९९ सालच्या प्रेक्षकापुढे, केवळ मुलीची इच्छा नाही म्हणून लग्न मोडले, असे दाखवणे म्हणजे भलतेच धाडस. अर्धे प्रेक्षागृह उठून गेले असते. म्हणून त्यांनी शास्त्राचा पेच शास्त्राच्याच किल्लीने सोडवला. मात्र एक खुबी पाहा. गोत्राची गोष्ट कळते ती अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी प्रत्येक प्रेक्षकाला मनातून वाटू लागलेले असते की हे लग्न मोडावे. म्हणजे काळजाने निकाल आधीच दिलेला असतो. शास्त्र फक्त मागाहून सही करते. हे नाटकाचे बळ. आणि त्या मुलीने दाखवला तो नाटकाचा उणेपणा. दोन्ही खरे आहेत. चांगल्या नाटकावर सव्वाशे वर्षांनंतरही वाद होऊ शकतो, तो असा.

‘शारदा’ नाटकाला इतिहासात आणखीही एक जागा आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदे’चाच प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या सन्मानार्थ तो ठेवला होता. तिथेच अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यानंतरच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, सरकारने एका दुसऱ्या नाटकावर बंदी घातली. ते नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’.

‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, सगळ्यांना माहीत असलेली. पण कीचक बोलू लागला की प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन आठवे. सैरंध्री म्हणजे पराधीन झालेला देश, युधिष्ठिर म्हणजे अर्जविनंत्या करणारे मवाळ, भीम म्हणजे जहाल, हे कोणी कोणाला समजावून सांगावे लागले नाही. खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तले सहकारी. आणि टिळक १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात. ‘द टाइम्स’चा लेखक व्हॅलेंटाइन चिरोल याने हिंदुस्थानातल्या असंतोषावर १९१० साली पुस्तक लिहिले, त्यात या नाटकाची मुद्दाम दखल घेतली. ज्या पुराणकथेवरून साठ वर्षांपूर्वी वादाचे कारण नव्हते, तीच कथा आता साम्राज्याला बोचू लागली. कथा जुनी होती. पाहणाऱ्यांचे डोळे नवे होते. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने बंदी आली, ती उठली १९२६ साली. तो कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही आपल्या पुस्तकांत राहिला आणि २०१८ साली रद्द झाला.

ही झाली शहरांतल्या नाट्यगृहांची गोष्ट. खेड्यांत काय होते? खेड्यांत तमाशा होता. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यात आपला विचार भरला आणि जलसा उभा केला. गण, गौळण, वग ही ओळखीची चौकट. आतला मजकूर मात्र सावकारी, भोळसट रूढी, शिक्षण यांविषयीचा. तिकीट नाही, पडदा नाही. दिवटीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात शेकडो माणसे मातीवर बसून ऐकत. ‘तृतीय रत्ना’ला जी वाट मिळाली नाही, ती जोतीरावांच्या विचाराने जलशातून काढली. पुढे आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या मंडळीने गावोगाव फिरून स्वाभिमानाचा संदेश पोचवला. आम्ही कोण, आम्हाला कोणी खालचे ठरवले, आणि ते आम्ही का मानावे, हा प्रश्न जलशाने त्या माणसांपुढे ठेवला, ज्यांना तोवर कोणी प्रेक्षक म्हणूनसुद्धा धरले नव्हते. आपण म्हणजे कोण, याचा विचार करायला पुस्तक लागतेच असे नाही. कधी कधी डफ आणि तुणतुणेही पुरते.

स्वातंत्र्यानंतर असा मोठा वाद पेटला तो विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वरून. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे. घाशीराम हा पेशवाईतला पुण्याचा कोतवाल. त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ साली चिडलेल्या लोकांनी त्याला ठार केले, हा इतिहास. त्यावर मोरोबा कान्होबांनी १८६३ सालीच पुस्तक लिहिले होते. तेंडुलकरांनी विचारले ते असे, की हा घाशीराम निर्माण कोणी केला? सत्ताधारी माणूस आपल्या सोयीसाठी एखाद्याला हाती धरतो, मोकळे सोडतो आणि काम झाले की लोकांच्या हवाली करतो. नटांची एक रांग कधी भिंत होई, कधी देऊळ, कधी जमाव. खेळे, दशावतार, कीर्तन अशा आपल्या जुन्या लोककलांचा सगळा साज त्यात होता.

नाना फडणविसांसारख्या मुत्सद्द्याची आणि एका अख्ख्या ज्ञातीची बदनामी केली, असा आक्षेप आला. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले. मग त्या कलावंतांनी थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली आणि १९७४ साली प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० साली ते युरोपला निघाले, तेव्हा पुन्हा वाद झाला. आज इतक्या वर्षांनी मला दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकू येते. ज्यांना नाना पूज्य होते, त्यांचे दुखणे खोटे नव्हते. आपल्या घरातल्या तसबिरीला कोणी हात लावला की दुखतेच. पण नाटक थांबले असते, तर सत्ता घाशीराम कसे घडवते हा प्रश्नही थांबला असता. आणि तो प्रश्न काही एका जातीचा किंवा एका शतकाचा नाही. दुखावलेल्या माणसाने लेख लिहावा, सभा घ्यावी, उलट नाटक लिहावे. कानिटकरांनी नाही का लिहिले? त्यांचे मत आपल्याला पटत नाही. पण त्यांनी मार्ग धरला तो योग्यच होता.

आता शेवटी माझ्या शिक्षक बांधवांना थोडे सांगतो. तुमच्या शाळेत स्नेहसंमेलन होते. नाटक बसवताना आपण फार जपून निवडतो. कोणी दुखावू नये, पुढारी रागावू नये, पालक तक्रार करू नयेत. मीही तेच करत आलो आहे, कबूल करतो. पण वर्षातून एक तरी नाटुकले असे बसवा, की जे पाहून मूल घरी जाऊन आईला काही विचारील. आणि नाटक झाल्यावर लगेच आभारप्रदर्शन उरकून दिवे मालवू नका. अर्धा तास ठेवा. मुलांना विचारा, तुला कोणाचे पटले? कोणाचे नाही? नाटकात कोण बोललेच नाही? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. ‘शारदे’त भटजींच्या घरातली मुलगी बोलली, त्याच गावातल्या कुणब्याची, महाराची मुलगी कुठे होती? ती बोलली असती तर काय बोलली असती? हे मुलांना विचारा. ती सांगतील. आपल्यापेक्षा बरे सांगतील.

कारण प्रश्न संपलेला नाही. आज कायद्याने मुलीचे लग्नाचे वय अठरा आहे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे. तरीही २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झाली होती. शंभरात बावीस! भुजंगनाथ राहिला नाही म्हणून आपण समाधान मानतो. आता वर तरुण असतो, मानपान होतो, देवक जुळते, पत्रिका जुळते. आईबापही कांचनभटासारखे लोभी नसतात. ऊसतोडीला जायचे असते, पोरीला मागे एकटी ठेवायची भीती असते, हातात पैसा नसतो. त्यांना दुष्ट ठरवून भागणार नाही. पण म्हणूनच यावर नवे नाटक हवे, ज्यात गोत्राची पळवाट नसेल.

त्या माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिले. म्हणालो, "होय, गोत्र वेगळं असतं तरी ते लग्न वाईटच असतं. नाटकात हे कोणी स्पष्ट म्हणत नाही. तू म्हणालीस." त्या दिवशी हजेरी घेताना तिने ‘हजर’ म्हटले, ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेले.